जिल्हा संघटना दोन, पोरगा एक – प्रमाणपत्र कोणाचं घ्यायचं?

कंग्राळीकर
नमस्कार मंडळी. भाच्यासाठी विचारतोय. वय सतरा, पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावी), कबड्डीत चढाई चांगली करतो. बेळगावजवळच्या आमच्या गावच्या मंडळाकडून खेळतो, आजूबाजूच्या गावांत त्याचं नाव आहे.

महिन्याभरात मंडळाच्या ग्रुपवर दोन मेसेज आले. दोन्हींचा मथळा एकच, ‘जिल्हा निवड चाचणी’. पण तारीख वेगळी, मैदान वेगळं, सचिव वेगळे. दोन्ही लेटरहेडवर नोंदणी क्रमांक छापलेला. मी दोघांनाही फोन केला. पहिले म्हणाले, ते बोगस आहेत. दुसरे म्हणाले, ते बोगस आहेत आणि शिवाय आमच्यातूनच फुटलेले आहेत. प्रवेश फी मात्र दोघांनीही सांगितली.

प्रश्न असे. खरी संघटना ओळखायची कशी? जिल्ह्याच्या प्रमाणपत्राचा पुढं काही उपयोग असतो का? आणि मेहुणे म्हणतात त्याला सरळ कोल्हापूरला टाका, महाराष्ट्रात खेळाडूंना नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हे कितपत शहाणपणाचं?

खडेबाजार
दोघांकडं बी जा की बे. कुठंतर एक खरं असणार.

तांबडी_माती
खडेबाजार, थट्टा नको. दोन्हीकडं खेळला तर खरी संघटना ‘समांतर स्पर्धेत भाग घेतला’ म्हणून बंदी घालू शकते. कुस्तीत आम्ही हे पाहिलंय. कंग्राळीकर, तूर्त दोन्हीकडं थांबा.

जुना_पंच
बरीच वर्षं शिट्टी वाजवली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नोंदणी क्रमांक पाहून हुरळून जाऊ नका. कर्नाटकात १९६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते. उद्या तुम्ही, मी, खडेबाजार आणि त्यांचे चार दोस्त मिळून ‘बेळगाव जिल्हा’ नावाची संघटना काढू शकतो. नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढंच. तिला खेळातला अधिकार मिळतो तो संलग्नतेतून.

उतरंड अशी आहे. गावचं मंडळ जिल्हा संघटनेला संलग्न, जिल्हा राज्याला, राज्य राष्ट्रीय महासंघाला, महासंघ आशियाई आणि जागतिक संघटनेला. त्या महासंघाला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता लागते. मधली एक कडी तुटली की खालचे सगळे कागद रद्दी. म्हणून तपासायचं ते वरून खाली. मंत्रालय मान्यताप्राप्त महासंघांची यादी जाहीर करतं, तिथून सुरुवात करा. महासंघाला विचारा कर्नाटकात तुमची राज्य संघटना कोणती. राज्य संघटनेला विचारा बेळगावात कोण. तोंडी नको, मेलवर विचारा. उत्तर आलं नाही तर तालुका क्रीडा अधिकाऱ्याकडं जा. खात्याच्या दसरा क्रीडा स्पर्धांना पंच कुठल्या संघटनेचे बोलावतात ते त्यांना ठाऊक असतं. त्यावरूनही अंदाज येतो.

दुसरा प्रश्न. जिल्ह्याच्या कागदावर नोकरी मिळत नाही. जिल्हा चाचणी ही राज्य स्पर्धेची पायरी आहे, त्याहून जास्त काही नाही. किंमत सुरू होते राज्याच्या संघात नाव आल्यावर.

येळ्ळूरचा_पाहुणा
पंचकाका, उतरंड समजली. पण मला एक सांगा, या उतरंडीत पैसा कुठून येतो? आमच्याकडं मैदानाला पाणी मारण्यापासून हॅलोजनपर्यंत सगळं मंडळ करतं. बक्षीस गावातला कोणतरी सोसायटीवाला देतो. बाहेरच्या संघांचं जेवण घराघरांतून येतं, पाच-पाच भाकऱ्या प्रत्येकी. यातलं जिल्हा संघटनेनं काय दिलं? वर संलग्नता फी आम्हीच भरायची.

जुना_पंच
पाहुणे, खरं आहे. संघटनेकडून पंच येतात आणि नियमपुस्तक येतं. मॅट क्वचित. केंद्राचा पैसा महासंघाला मिळतो तो राष्ट्रीय शिबिरं, परदेशी स्पर्धा यासाठी. खाली झिरपत नाही.

पण मोठी गोष्ट मताची आहे. राज्याच्या निवडणुकीत मत जिल्हा संघटनेला असतं, जिल्ह्याच्या निवडणुकीत संलग्न मंडळांना. आता मंडळांची यादी कोण करतं? जिल्ह्याचा सचिव. निवडणूक जवळ आली की यादीत अशी मंडळं उगवतात ज्यांचं मैदान कोणी पाहिलेलं नसतं, आणि वर्षभर स्पर्धा भरवणाऱ्या गावाची फी ‘उशिरा आली’ म्हणून परत जाते. कंग्राळीकरांच्या दोन लेटरहेडचा उगम बहुतेक अशाच एखाद्या यादीत सापडेल.

टिळकवाडीची
मी खो-खो खेळलेली. मुलींचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

आमच्या वेळी लेले मैदानावर सराव असायचा. निवड झाली की नाही हे निवडीनंतर कळायचं, म्हणजे चाचणी झालीच नाही, यादी लागली. पुढं एकदा राज्य स्पर्धेला गेलो तर संघाबरोबर एकही बाई नाही. व्यवस्थापक, प्रशिक्षक, सगळे पुरुष. कोणाला बरं नसलं तर सांगायचं कोणाला? आईनं दुसऱ्या वर्षी पाठवलंच नाही. संघटनेच्या दृष्टीनं मी ‘लग्नामुळं खेळ सोडलेली’ असणार.

२०२५च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. टीव्हीवर पाहताना बरं वाटलं. खो-खोची मॅट पाहून तर जास्तच, आम्ही ढोपरं फोडून घेतलेली माणसं.

शहापूरची_सून
टिळकवाडीची, +१. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव आठवते का? २०१८च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे ज्युदोसारख्या कुस्तीत, कांस्य आणलं तिनं. मुळात ज्युदोची मुलगी. तोपर्यंत आमच्या गल्लीत कुराश हा खाण्याचा पदार्थ आहे की खेळ, हे कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे ‘आमच्या बेळगावची’ म्हणायला पुढं.

खडेबाजार
कुराश खाण्याचा असता तर कुंद्याच्या शेजारी ठेवला असता.

तांबडी_माती
कुस्तीचं सांगतो.

आमच्याकडं दोन जगं आहेत. एक जत्रेचं मैदान. सांबरा, येळ्ळूर, कडोली, आनंदवाडीचा आखाडा. तिथं वस्ताद जोड लावतात, हलगी वाजते, निकाली कुस्ती झाली की रोख इनाम हातात. कोल्हापूर-सांगलीचा मल्ल येतो, धारवाड-दावणगेरीचा येतो, हरियाणाचा सुद्धा येतो. तुझं आधार कुठलं असं कोणी विचारत नाही.

दुसरं जग मॅटचं. तिथं लंगोट गेला, पोशाख आला, वजनगट आले, आणि पहिल्याच टेबलावर ‘कोणत्या राज्याचा?’ हा प्रश्न. जत्रेत शंभर कुस्त्या मारलेला पोरगा इथं शून्यापासून सुरू करतो, कारण जत्रेच्या कुस्तीचा कागद नसतो.

आमच्या तालमीतल्या एका पोराची गोष्ट. कुठल्यातरी ‘अखिल भारतीय’ नावाच्या स्पर्धेला गेला, सुवर्ण घेऊन आला. गावात मिरवणूक, ट्रॅक्टर, गुलाल. भरतीला कागद दाखवला तर साहेबांनी एकच विचारलं, ही संघटना महासंघाला संलग्न आहे का? नव्हती. ते प्रमाणपत्र त्याच्या घरात अजून फ्रेममध्ये आहे, आणि तो एमआयडीसीत लागलाय, चंदगड बाजूला.

पुण्यातला_बेळगावकर
थोडं विषयांतर, पण बेळगावच्या धाग्यावर हे आलंच पाहिजे.

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला भारताचा फडेप्पा चौगुले धावला. बेळगावचा. १९वा आला, २ तास ५० मिनिटांत. त्या वेळी इंडियन ऑलिंपिक असोसिएशनच नव्हती, ती १९२७ची. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या, दोराबजी टाटांनी त्या पाहिल्या, मनावर घेतलं, स्वतः पैसा घातला आणि छोटासा चमू गेला. त्याच चमूतले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. पुढं दोराबजीच असोसिएशनचे पहिले अध्यक्ष झाले.

म्हणजे आधी खेळाडू धावला, संघटना मागून आली. आता उलटं झालंय. संघटना आधी, तिची निवडणूक नंतर, मग कोर्ट, आणि वेळ उरला तर खेळाडू.

चंदगडी
तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हणून फडेप्पाला कोणत्या राज्याचा असं विचारलं नाही. १९५६नंतर धावला असता तर ना हरकत दाखल्याच्या रांगेत पहिला आला असता.

वकीलसाहेब_नव्हे
चंदगडी, हसलो. पण कोर्टाचा टोमणा सरसकट मान्य नाही. कोर्ट नसतं तर काही महासंघ आजन्म अध्यक्षांच्या घरीच राहिले असते. उदाहरण कबड्डीचंच. तिथं एकजण आजन्म अध्यक्ष होते आणि चालू अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडं होतं. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं आणि प्रशासक नेमला; पुढं ते काम निवृत्त न्यायाधीश एस. पी. गर्ग यांच्याकडं आलं.

याची दुसरी बाजूही आहे. प्रशासकाच्या हातात महासंघ वर्षानुवर्षं राहिला. निवडून आलेली कार्यकारिणी २०२३पासून बाहेर बसलेली. आंतरराष्ट्रीय महासंघानं भारताला निलंबित केलं. शेवटी फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारभार कार्यकारिणीकडं द्यायला सांगितलं, तेव्हा कुठं आपल्या मुली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला तेहरानला गेल्या आणि जिंकून आल्या.

फुटबॉलमध्ये ऑगस्ट २०२२ला फिफानं असंच निलंबन केलं होतं, कारण कारभार न्यायालयानं नेमलेल्या समितीकडं होता. थोड्याच दिवसांत उठलं ते वेगळं. ऑलिंपिक असोसिएशन स्वतः डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१४ निलंबित होती. सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याविना चालले. सरकारनं किंवा कोर्टानं हात घातला की बाहेरचे म्हणतात हस्तक्षेप, नाही घातला की आतले म्हणतात आमचंच राज्य. मध्ये खेळाडू.

येळ्ळूरचा_पाहुणा
नवीन कायदा आलाय ना आता? त्यानं काही फरक?

वकीलसाहेब_नव्हे
राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, ऑगस्ट २०२५. मान्यता देणं-काढणं मंत्रालयाऐवजी राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडं, वादांसाठी वेगळं न्यायाधिकरण, निवडणुकांसाठी वेगळं पॅनेल. कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ जण, त्यांत किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला. टिळकवाडीचींचा मुद्दा निदान कागदावर तरी घेतलाय.

मात्र कायद्याचा मुख्य रोख राष्ट्रीय संस्थांवर आहे. घटनेत खेळ हा विषय राज्यसूचीत आहे. कंग्राळीच्या मैदानापर्यंत त्याची धग पोचायला वेळ लागेल.

तांबडी_माती
चार महिला म्हणजे सचिवाची बायको, वहिनी, सून आणि मेव्हणी. लिहून ठेवा.

टिळकवाडीची
तांबडी_माती, तुमचा टोमणा समजला, पण दरवेळी बाईची जागा आली की हाच विनोद. सचिवाचा भाऊ, मेव्हणा आणि जावई आधीपासून बसलेत, त्यांच्यावर कोणी विनोद करत नाही.

तांबडी_माती
बरोबर बोललात. मागे घेतो.

कुंभारगल्ली
सगळ्यांनी संघटनांना झोडपलं म्हणून उलट बाजू मांडतो. मी एका छोट्या खेळाच्या जिल्हा संघटनेचं काम पाहतो (खेळाचं नाव नको, सगळे ओळखतात). पगार नाही. स्वतःची नोकरी सांभाळून रात्री फॉर्म भरायचे, जन्मदाखले तपासायचे, रेल्वेचं आरक्षण करायचं. पोरांना हुबळीहून गाडीत बसवायला मी स्वतः जातो. राज्य संघटनेची परिपत्रकं कन्नडमधून येतात. मराठी शाळेतल्या पालकांना ती मराठीत करून पाठवायचं काम कोणाचंच नाही, म्हणून माझं. एखादं पोरगं राहिलं की मात्र सचिव चोर.

आणि राजकारणी अध्यक्ष का लागतो? कारण त्याच्या एका फोनवर हॉल मिळतो, बस मिळते, जेवणाचा खर्च निघतो. मी फोन केला तर हॉलवाला म्हणतो अर्ज आणा. आदर्शवाद मलाही आवडतो, पण सोळा पोरांना रात्री कुठं झोपवायचं हे आधी ठरवावं लागतं.

जुना_पंच
कुंभारगल्ली, तुमच्यासारख्यांवरच गाडं चाललंय, यात वाद नाही. पण राजकारणी हॉल देतो आणि खुर्ची घेतो, पुढं खुर्ची सोडत नाही. हॉलची पावती फाडून त्याला देणगीदार म्हणा, फलकावर नाव लावा. निवड समितीत कशाला?

खडेबाजार
कारण फलकावरून कॉटसाठी फोन करता येत नाही.
(‘कोट्यासाठी’ वाचावे. मोबाईलचा कीबोर्ड बी फुटीर गटाचा आहे.)

शहापूरची_सून
😄

कंग्राळीकर
चर्चा रंगलीय, पण मेहुणे रोज विचारतात. कोल्हापूरचं काय ते सांगा कोणीतरी.

चंदगडी
मी सांगतो, मी उलट्या दिशेनं आलोय. घर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. शिकलो बेळगावात, कारण आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. शालेय स्पर्धा खेळलो त्या कर्नाटकातून, कारण तिथं शाळा ज्या राज्यात तिथला संघ. सुट्टीत गावी गेलो की महाराष्ट्रातल्या मंडळाकडून खेळायचो. दोन्हीकडं टाळ्या मिळाल्या. पुढं महाराष्ट्रातल्या जिल्हा चाचणीला गेलो तर म्हणाले, तू कर्नाटकचा खेळाडू, दाखला आण. बेळगावात गेलो तर म्हणाले, तुझं रेशनकार्ड तिकडचं. त्या खेपा मारता मारता वयोगट संपला.

त्यामुळं एकदा कुठलं राज्य ते ठरवा आणि तिथंच राहा. नोकरीसाठी म्हणून हलवत असाल तर आधी नियम वाचा. महाराष्ट्राचं ५ टक्के आरक्षण खरं आहे, पण अधिवास लागतो आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघड झाल्यापासून ती कडक आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्राच्या नोकऱ्यांना अर्ज करता येतो, तुमचं गाव त्यात असेल तर ती वाट वेगळी. त्यासाठी पोराचं घर आणि कॉलेज मोडायची गरज नाही.

पुण्यातला_बेळगावकर
शिवाय महाराष्ट्रात तरी कुठं सगळं सुरळीत आहे? २०२३च्या नोव्हेंबरमध्ये दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोन गदा, दोन मिरवणुका. मेहुण्यांना सांगा, दोन लेटरहेड सीमा ओलांडून सुद्धा भेटतील.

क्रिकेटमध्ये तर महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत, आणि तिन्ही अधिकृत. इतिहासानं आखलेल्या हद्दी २०१८ला सर्वोच्च न्यायालयानंही राहू दिल्या. बेळगाव मात्र क्रिकेटमध्ये कर्नाटकच्या धारवाड विभागात. ऑटोनगरला राज्य संघटनेचं मैदान आहे, आणि आपला रोनित मोरे कर्नाटकाकडूनच रणजी खेळला. त्याचं काही अडलं नाही.

येळ्ळूरचा_पाहुणा
रोनित मोरे हा क्रिकेटर आहे हो. तिथं पैसा आहे. कबड्डीवाल्याचं अडतं.

तांबडी_माती
आणखी एक वाट कोणी सांगितली नाही. आपल्या दारातच मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिथं बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, लहान वयात घेतात, राहणं-खाणं-शिक्षण लष्कराचं. पुढं पोरगं सेनादलाकडून खेळतं. राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाचा संघ राज्यासारखाच वेगळा उतरतो, म्हणजे कर्नाटक की महाराष्ट्र हा प्रश्नच मिटला. कंग्राळीकरांचा भाचा सतरा वर्षांचा, त्याच्यासाठी उशीर झाला. पण गावातल्या बारा-तेरा वर्षांच्या कुस्तीतल्या पोरांच्या आईबापांना जरूर सांगा.

कुंभारगल्ली
हे खरंच सोनं आहे. दरवर्षी निवड असते आणि आपल्या गावांतून जाणारे कमी.

कंग्राळीकर
मंडळी, थोडी प्रगती. जुना_पंच म्हणाले तसं राज्य संघटनेला मेल टाकला. उत्तर आलं नाही. मग भाच्याच्या कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांनी (कन्नड माणूस, फार भला) बेंगळूरला स्वतः फोन लावला आणि पंधरा मिनिटांत सांगितलं की संलग्न संघटना कोणती. गंमत म्हणजे जे जास्त जोरात ओरडत होते ते नव्हेत. दुसऱ्यांची बाजूही पूर्ण खोटी नाही, त्यांचा दावा कोर्टात आहे म्हणे. म्हणजे उद्या निकाल फिरला तर?

वकीलसाहेब_नव्हे
तोपर्यंत आज जी संलग्न आहे तिच्या चाचणीत खेळून मिळवलेलं प्रमाणपत्र सहसा कोणी काढून घेत नाही. त्या शिक्षकांना सांगून राज्य संघटनेचं एक ओळीचं पत्र मात्र घेऊन ठेवा, तारखेसकट.

कंग्राळीकर
घेतो. आता नवीनच अडचण. ज्युनिअर गटाला वजन ७० किलो आहे ना? हा परवा सोसायटीच्या धान्याच्या काट्यावर उभा राहिला तर ७१ भरला.

जुना_पंच
७० बरोबर, २० वर्षांखालील. एका किलोसाठी उपाशी ठेवू नका. चाचणीच्या सकाळी मी पोरं पाहिली आहेत, स्वेटरवर स्वेटर घालून पळतात, बाटलीत थुंकत बसतात, आणि वजन झाल्या झाल्या अर्धा डझन केळी खाऊन पहिल्याच चढाईत पोटऱ्या धरून खाली बसतात. आठवडाभर रात्रीचा भात कमी करा, मीठ आणि बेकरी बंद, पाणी चालू. काट्यावर फक्त चड्डीवर उभं करतात, ते त्याला सांगून ठेवा, नाहीतर पोरं लाजतात.

खडेबाजार
आणि काट्याची संलग्नता आधी विचार. एक खरा असेल, एक फुटीर.

कुंभारगल्ली
कंग्राळीकर, सोबत मूळ आधार, दहावीचं मार्क्स कार्ड, जन्मदाखला, कॉलेजचं बोनाफाईड आणि पासपोर्ट फोटो जास्तीचे द्या. जन्मतारीख तिन्ही कागदांवर एकच आहे का ते आजच बघा. आमच्याकडं सगळ्यात जास्त पोरं तिथंच परत जातात.

कंग्राळीकर
बघितलं. आधारवर ११ आहे आणि मार्क्स कार्डावर १७. उद्या सकाळी आधार केंद्रात जातो.